जमीन विकताना रानातली झाडं कुणाची? आधी तोड की आधी खरेदीखत

मुंबई-गोवा महामार्गाच्या दोन्ही अंगांना जमिनीचे एजंट फिरत होतेच. आता ते सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत पोचलेत. लांजा, संगमेश्वर, राजापूर या तालुक्यांत ज्या वरकस उतारांकडे तीस-चाळीस वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तिथं आज साग, ऐन, किंजळ, जांभूळ माजलेत. नाचणी-वरी थांबली, माणसं मुंबईला गेली आणि रान आपोआप वाढलं. आता गिऱ्हाईक आलं की घरात पहिला वाद हाच होतो: झाडं तोडून पैसे करावेत आणि मग जमीन द्यावी, की आहे तशी देऊन टाकावी?

एजंटला विचारलंत तर त्याचं उत्तर गिऱ्हाइकाप्रमाणे बदलतं. काजूची बाग करणारा असेल तर म्हणतो, "रान साफ करून द्या." फार्महाऊसवाला असेल तर म्हणतो, "एक फांदी तोडू नका." दोन्ही वेळा झाडांचा वेगळा हिशोब मात्र कुणी काढत नाही. जमिनीचा भाव गुंठ्यावर किंवा एकरावर ठरतो, आणि पन्नास वर्षांचा ऐन त्यात फुकट जातो.

कायदा इथे विकणाऱ्याच्या बाजूने आपणहून उभा राहत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा आहे. त्याच्या कलम 8 प्रमाणे जमीन दिली की जमिनीला धरून असलेलं सगळं घेणाऱ्याकडे जातं, वेगळा उद्देश दिसत नसेल तर. म्हणजे खरेदीखतात झाडांबद्दल एक ओळ नसेल, तर झाडं गेली. "तोंडी ठरलं होतं" हे नंतर कोण ऐकतो? आमच्याच भावकीत हे झालंय. खरेदीखत झालं, आणि शिमग्याला गावी आलेला चुलता सागाचे चार सोट न्यायला गेला तर नव्या मालकाने गेटला कुलूप घातलेलं. सात-बारावर त्याचं नाव लागलेलं. बोलायला जागाच नव्हती.

उलट बाजूही बघा. इसार घेतला, साठेखत केलं आणि मग तोड सुरू केली, तरी भांडण ठरलेलं. गिऱ्हाइकाने उभं रान बघून भाव बोललेला असतो. म्हणून झाडांचं काय करायचं ते इसाराच्या आधी ठरवायचं आणि साठेखतातच लिहायचं. कुठली झाडं विक्रीतून वगळली, किती मुदतीत काढणार, गाडी कुठल्या वाटेने जाणार, हे सगळं त्यात आलं पाहिजे.

मुदत का महत्त्वाची? सर्वोच्च न्यायालयाचा 1958 सालचा शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य हा निकाल याच गोष्टीवर आहे. एका जमीनदाराने 1948 मध्ये पत्नीला जंगलातलं लाकूड काढण्याचा हक्क बारा वर्षांहून जास्त काळासाठी लिहून दिला, पण दस्त नोंदवला नाही. 1951 मध्ये जमीनदारी सरकारजमा झाली आणि तो हक्क टिकला नाही. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी फरक सांगितला तो सोपा आहे. लवकरच तोडायच्या इमारती झाडाला कायदा जंगम माल समजतो. वर्षानुवर्षं रानात जाऊन, वाढत्या झाडांतून लाकूड काढत राहण्याचा हक्क मात्र स्थावरातला हक्क होतो, आणि त्याला नोंदणी लागते. तेव्हा "झाडं आमची, सवडीने नेऊ" असं नुसत्या स्टॅम्पवर लिहून घेणाऱ्यांनी जरा थांबावं.

आता तोडीकडे येऊ. झाड आपल्या मालकीचं म्हणजे कुऱ्हाड आपली, असं नाही. महाराष्ट्रात 1964 च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याची अनुसूची आहे आणि आपल्या रानातली बरीच मोलाची झाडं तिच्यात आहेत: साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा. यांना वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि माल हलवताना वाहतूक परवाना लागतो तो वेगळाच. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बेकायदा तोडीचा दंड 1 हजारावरून 50 हजार करण्याचा निर्णय घेतला होता. वारं कुठल्या दिशेचं आहे ते यावरून कळावं. आदिवासी खातेदाराच्या झाडांना 1969 चा स्वतंत्र कायदा आहे. व्यापाऱ्याने त्याच्याकडून परस्पर झाडं घ्यायची नाहीत.

परवानगीचं प्रकरण कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात सात-बारा सामाईक असतो, त्यावर आजोबांची चार मुलं आणि त्यांची पंधरा वारस माणसं. एक विरारला, एक नायगावला, एक बोलतच नाही. सगळ्यांची संमती हवी. हद्द नक्की नसेल तर मोजणी हवी. गिऱ्हाईक म्हणतं दीड महिन्यात व्यवहार करू, आणि हे सगळं काही दीड महिन्यात होत नाही. मग व्यापारी म्हणतो, "परवानगीचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त सही करा." इथेच माणूस फसतो. परवानगीत चाळीस झाडं आणि बुंधे शंभर निघाले, तर चौकशी सहीवाल्याची होते.

त्याहून आधीची तपासणी वनसंज्ञेची. सात-बाराच्या इतर हक्कात 'खाजगी वन' किंवा तसला शेरा आहे का? महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायद्याने 30 ऑगस्ट 1975 रोजी अशी वनं सरकारकडे गेली. जुन्या नोटिशीचा नुसता शेरा पुरेसा नाही, नोटीस बजावलेली आणि पुढे कार्यवाही झालेली हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या गोदरेज निकालात म्हटलं हे खरं. पण तो शेरा काढून घेणं तुमचं काम आहे, आणि तोपर्यंत तोडही नाही आणि बहुतेकदा गिऱ्हाईकही नाही.

हे सगळं निस्तरलं तरी मापाचा प्रश्न उरतो. आपल्याकडे रान उक्तं जातं. व्यापारी एक फेरी मारतो, नजरेने अंदाज घेतो, आकडा सांगतो. अंदाज त्याच्याकडे असतो, तुमच्याकडे नसतो. एक टेप आणि दोन पोरं घ्या, जमिनीपासून साडेचार फुटांवर प्रत्येक मोठ्या झाडाचा घेर मोजा, वहीत लिहा, झाडावर चुन्याने नंबर घाला. दोन दिवसांचं काम आहे. ओंडक्याचं माप करताना घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. मधला घेर 4 फूट आणि लांबी 10 फूट असेल तर या हिशोबाने 10 घनफूट येतं. गोल ओंडक्याचं खरं घनफळ मात्र 12.7 घनफूट भरतं. ही लबाडी नाही, साल आणि कापातली घट धरणारी जुनी रीत आहे. पण दर कुठल्या मापावरचा ते विचारल्याशिवाय दोन व्यापाऱ्यांच्या आकड्यांची तुलना करू नका.

मोजल्यावर बहुतेकांना एक गोष्ट कळेल. पैसा थोड्याच झाडांत आहे. मनगटाएवढा, मांडीएवढा साग तोडला तर त्यात पक्कं लाकूड थोडं आणि बाहेरचं कच्चंच जास्त. तो वाशाच्या किंवा जळाऊच्या भावाने जातो. म्हणून सरसकट तोड करून जमीन विकावी असं मला वाटत नाही. उतार उघडा पडला की पहिल्या पावसात माती वाहते, खालच्या वाडीची विहीर गढूळ होते. शिवाय तोडलेलं माळरान बघून पुढचं गिऱ्हाईक भाव पाडतं ते वेगळं. परवानगी मिळाली आणि वेळ असेल तर मोजकी पक्की झाडं काढा. वेळ नसेल तर वही गिऱ्हाइकापुढे ठेवा आणि झाडांची किंमत जमिनीच्या भावावर वेगळी मागा.

करासाठीही ती वही लागेल. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीला जी सवलत मिळते ती झाडांच्या पैशाला आपोआप मिळत नाही. आपोआप उगवलेली झाडं नुसती राखून विकली तर ते शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, लागवड-मशागत केलेली असावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1957 च्या निकालापासूनचं तत्त्व आहे. तेव्हा लावलेला साग कुठला आणि आलेला कुठला हे वहीतच वेगळं लिहा, आणि व्यापाऱ्याचे पैसे रोखीत न घेता बँकेत घ्या.