पीयूसीला न येणारा वास

सकाळी गाडी सुरू करताना पेट्रोलचा वास आला, तर आपण बहुधा काच खाली करतो आणि निघतो. खरे तर तो वास कुठून येतो, हे आधी पाहायला हवे. थंड इंजिनाला सुरुवातीस अधिक इंधन दिले जाते. त्यामुळे सायलेन्सरमधून येणारा आणि थोड्याच वेळात विरणारा वास स्वाभाविक होय. परंतु बॉनेटजवळ किंवा मागच्या आसनाखाली तो रेंगाळत असेल, तर गळतीचा संशय घ्यावा. किल्ली फिरवताच पंप इंधननळीतील दाब काही क्षणांत वाढवतो. कडक झालेले रबर, सैल सांधा किंवा झिजलेली रिंग नेमकी तेव्हाच उघडी पडते.

२०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. मूळ मुदत २०३० ची होती. त्यावरचा वाद मात्र मायलेजभोवतीच फिरला. काही जुन्या वाहनांतील रबरी भाग व गॅस्केट वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच त्या वर्षी सांगितले होते. प्रत्येक गळतीचा दोष इथेनॉलवर ढकलणे अशास्त्रीय ठरेल. रबर वयानेही कडक होते. तथापि, हे भाग बदलण्याची वेळ आली की नाही, हे तपासायचे कोणी?

पीयूसी केंद्रात सायलेन्सरमधून निघणारा वायू मोजला जातो. बॉनेटखाली ठिबकणारे पेट्रोल त्या यंत्राच्या कक्षेतच येत नाही. म्हणजे गळकी गाडीही प्रमाणपत्र मिळवू शकते. जुन्या पेट्रोल वाहनांच्या पीयूसीसोबत इंधननळी, सांधे आणि टाकीचे झाकण यांची पाहणी सक्तीची करावी. त्यासाठी महागडी यंत्रणा नको. विजेरी, प्रशिक्षित डोळे आणि पाच मिनिटे पुरतील. धोरण देशाचे असेल, तर त्याच्या देखभालीचा भार एकट्या वाहनधारकाच्या नाकावर टाकणे न्याय्य नाही.

तोवर नाकाचे ऐकावे. पेट्रोलची वाफ पेट घेण्यासाठी हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ टक्के असावे लागते. नाकाला त्याच्या हजारो पटींनी कमी वाफही जाणवते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद गॅरेजात जमिनीलगत साचते. वास तीव्र असेल, तर इंजिन बंद करावे, दिव्याच्या बटणालाही हात न लावता गॅरेजचे दार उघडावे आणि मेकॅनिकला गाडीपाशी बोलवावे. गाडी चालवत त्याच्याकडे नेऊ नये.