आधी इतरांचा वाटा, मग आपला घास

रमजान आला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तिथे रोजा सोडतात कधी?" विचारणाऱ्यांत मुस्लिम मुले असतात, तशी हिंदू मुलेही. जवळच्या ज्या शहरात दिवस-रात्र नीट होते तिथल्या, किंवा मक्केच्या वेळेप्रमाणे रोजा धरावा, असे उलेमांनी सांगून ठेवले आहे. पण यंदा एका मुलीने पुढचा प्रश्न विचारला, "आणि तिथली माणसे खातात काय? तिथे तर काही पिकतच नसेल." हे उत्तर तासाभरात संपणारे नव्हते, म्हणून आज इथे लिहिते.

अलास्काच्या वायव्य किनाऱ्यावर, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर, समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीवर पॉइंट होप हे गाव आहे. तिथले इन्युपियाक लोक त्याला 'तिकिगाक' म्हणतात. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या होती 830. बाहेरून गावात येणारा रस्ता नाही. विमान येते, आणि उन्हाळ्यात बर्फ हटला की मालाची बोट. त्यामुळे दुकानातली प्रत्येक वस्तू महाग. डिसेंबरात काही आठवडे सूर्य दिसत नाही, जूनमध्ये तो मावळत नाही. शेती नाही, झाड नाही. तरी हजार वर्षांहून जास्त काळ इथे माणसांचे संसार चालले आहेत.

ते कसे चालले, हे घरात डोकावल्याशिवाय कळत नाही. सासऱ्याचे नाव नातवाला ठेवले की सून ते नाव तोंडाने घेत नसे, ही रीत आपल्याकडे अनेक घरांत होती. तिकडेही गेलेल्या माणसाचे नाव बाळाला देतात, आणि नावाबरोबर नातेही देतात. आजोबांचे नाव मिळालेल्या लेकराला त्याची आईच कधी कधी 'बाबा' म्हणते. मूल आजी-आजोबांकडे किंवा दुसऱ्या नातलगाकडे वाढवायला देणे तिथे सर्रास चालते. त्यात लपवाछपवी नसते, मुलाला दोन्ही घरे आपलीच वाटतात. अशा गावात 'आमचे कुटुंब' कुठे संपते हे सांगणे कठीण.

वसंतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, समुद्रावरचा बर्फ फाटून पाण्याच्या वाटा मोकळ्या होतात आणि त्यांतून बोहेड व्हेल उत्तरेकडे जातात. शिकारीला जाणारी होडी सीलच्या कातड्याची असते. तिची शिवण बायका घालतात, आणि ती अशी की थेंबभर पाणी आत येऊ नये. होडीच्या प्रमुखाला 'उमियालिक' म्हणतात. त्याच्या पत्नीचा मान त्याच्या बरोबरीचा. हंगामाआधी गोठलेल्या जमिनीत खणलेले मांसाचे तळघर साफ झाले पाहिजे. ज्या घरची बाई उदार आणि जिचे तळघर स्वच्छ, त्या घराकडेच व्हेल स्वतःहून येतो, अशी तिथली जुनी श्रद्धा आहे.

व्हेल ओढून बर्फावर आणायला सारा गाव लागतो. मग वाटणी. कोणती होडी कितवी मदतीला आली यावरून कुणाला कोणता भाग हे ठरलेले असते. काही भाग जूनमधल्या नलुकताक या सणासाठी आणि नाताळसाठी राखून ठेवतात. सणाच्या दिवशी यशस्वी होडीचे घर गावाला वाढते. म्हाताऱ्यांना, विधवांना, ज्यांच्या घरी शिकारी नाही त्यांना मागावे लागत नाही. मुलगा पहिला सील मारतो, तो त्याने स्वतः ठेवायचा नसतो, वडीलधाऱ्यांना देऊन टाकायचा असतो. 1890 साली इथे मिशन आले आणि गाव ख्रिस्ती झाले. वाटणीची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे.

व्हेलची शिकार म्हटल्यावर काही वाचकांचे मन कचरेल, ते स्वाभाविक आहे. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने 1977 साली या शिकारीवर बंदी घातलीही होती. तेव्हा शिकारी गावांनी आपली संघटना उभी केली, व्हेलच्या नव्या गणतीला हातभार लावला आणि ठरावीक कोट्यात परवानगी मिळवली. हे मांस विकता येत नाही. ते खायचे आणि वाटायचे.

आज संकट आले आहे ते त्या तळघरांवर. 1979 पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. शेकडो वर्षे गोठलेली जमीन सैल होते, तळघरात पाणी झिरपते, मांस नासते. समुद्रावरचा बर्फ पातळ झाल्याने त्यावर उभे राहून व्हेल ओढणेही धोक्याचे झाले आहे. घरातल्या फ्रीजरमध्ये एका घरापुरते मावेल, गावाला पुरेल एवढा व्हेल मावत नाही. म्हणून तळघर जाते तेव्हा नुसती साठवण जात नाही. त्या घरची वाढण्याची ऐपतच जाते. आणि हे तापमान वाढवणारा धूर त्या 830 माणसांनी सोडलेला नाही. त्यात तुमच्या-माझ्या मोटारीचा, आपल्या विजेचाही हिस्सा आहे.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले की, तिथली माणसे एकमेकांच्या हातचे खातात. आपल्या मोहल्ल्यातही मगरिबच्या अजानआधी झाकलेली ताटे या दारातून त्या दारात जातात, आणि दिवाळीत फराळाच्या ताटाने ती परत येतात. ही ये-जा गेल्या काही वर्षांत कमी झाली आहे, हे तुम्हीही पाहता. तिकडच्या गावाचे तळघर निसर्ग बिघडल्याने रिकामे होते आहे. आपले फ्रीज भरलेले आहेत. आज संध्याकाळी उरलेले त्यात ठेवण्याआधी, शेजारच्या दारावर एकदा टकटक करायला काय हरकत आहे?