महालक्ष्मीची घोडी आणि मावळची घोडी

मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरील 'इंडियन १००० गिनीज'ची छायाचित्रे हिवाळ्यात फिरू लागली की त्याखाली कोणीतरी 'मराठ्यांचा अश्ववारसा' असे लिहितोच. मित्रहो, हा वारसा इंग्लंडमधील न्यूमार्केटचा. केवळ माद्यांसाठीची ही शर्यत तिथे १८१४ साली सुरू झाली. आपण ती नावासकट उचलली. (गिनी हे नाणेही त्यांचेच.) धावते ती थरोब्रेड. जिंकलेली घोडी पैदाशीसाठी जपतात आणि तिचे कूळ पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेले असते.

आता भोर-वेल्ह्याकडे या. राजगड आणि तोरणा यांच्यामध्ये सपाट मैलभर जमीन शोधून दाखवा! या डोंगरांत स्वराज्याच्या पागेला उपयोगाची होती ती ठेंगणी, चिवट, थोड्या वैरणीवर निभावणारी दख्खनी घोडी. बारगिराला ती सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःची आणी. त्याच रक्ताची भीमथडी घोडी आज धनगरांच्या स्थलांतरात बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालते. तिचे कूळ कोणी लिहून ठेवले? 'अश्ववारसा' लिहायचाच असेल, तर छायाचित्र तिचे लावा.