उघड्या टपाची गाडी

मंडळी, आज जरा रागावून लिहितेय, तेव्हा सांभाळून घ्या. आमच्या घरची मंडळीही हे वाचतात. दुपारपर्यंत फोन येईलच, "आत्या, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?" तर त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवते. घरच्या ग्रुपवर मी दोनदा लिहिलं. पहिल्यांदा अंगठा आला, दुसऱ्यांदा जोडलेले हात आले. उत्तर कुणीच दिलं नाही. म्हणून इथे.

तर प्रकरण असं. माझ्या भाच्याच्या मुलाला, म्हणजे आमच्या नातवाला, तीन महिन्यांपूर्वी अठरा पूर्ण झाली. मागच्या आठवड्यात पक्कं लायसन्स हातात आलं. आणि बापाने ठरवलं की पोराला पहिली गाडी द्यायची ती ऑडी! नवी नाही, जुनी. २०१५ सालची ए३ कॅब्रिओले. म्हणजे बटण दाबलं की कापडी टप घडी होऊन मागे जाऊन बसतो आणि डोक्यावर आभाळ. पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात उभी आहे. सतरा लाख सांगतात, सोळापर्यंत येतील म्हणे.

फोटो बघून मी एवढंच विचारलं, "पावसाचं काय?" सगळे हसले. म्हातारी माणसं काही बोलली की हसायचं असतं, तसे. प्रश्न मात्र बरोबर होता. त्याकडे येतेच.

भाच्याचं म्हणणं असं की, पंचेचाळीस लाखांची गाडी सतरा लाखांत मिळतेय, तेवढ्यात आज नवी बरी गाडीसुद्धा येत नाही. खरं आहे. २०१४च्या डिसेंबरात ही गाडी भारतात आली तेव्हा तिची किंमत पंचेचाळीस लाखांच्या घरात होती. पण अरे बाबा, तू चाळीस माग चालवणारा माणूस. जुना माग स्वस्तात मिळाला म्हणून त्याचे सुटे भाग स्वस्तात मिळतात का? गाडीची किंमत उतरली, तिच्या पार्टची उतरलेली नाही. हेडलाइट फुटला तर तो पंचेचाळीस लाखांच्या गाडीचाच हेडलाइट असणार. आणि ही गाडी आता इथे नवी मिळतच नाही, म्हणजे टपाचं काही बिघडलं तर भाग मागवायचा आणि वाट बघत बसायचं. तो टप म्हणजे नुसती ताडपत्री नव्हे. हायड्रॉलिक पंप, नळ्या, मोटरी, सेन्सर असा सगळा संसार आहे त्यात. दहा-अकरा वर्षांत रबर कडक होतं, कापड आखडतं. पाणी वाहून जायला कडेने बारीक पन्हळी असतात, त्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी आत उतरतं आणि खाली जिथे वायरी असतात तिथे जाऊन मुरतं. आपल्या गावात पालापाचोळा कमी असेल, पण मागांवरून उडणारा कापसाचा बारीक धुरळा घराघरात आहे. माझ्या पंख्याच्या पात्यांवर बोटभर थर बसतो दर महिन्याला. तो त्या पन्हळींना सोडणार आहे का?

शिवाय गाडीचा नंबर दिल्लीचा. परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर तिथल्या आरटीओचा नाहरकत दाखला, इथली नवी नोंदणी आणि इथला रोड टॅक्स. सतरा लाखांत हे धरलंय का, विचारलं तर म्हणतो, "तो दुकानदार बघतो सगळं." विम्याचंही तेच. एवढ्या जुन्या गाडीला झीज न कापणारा विमा सहसा मिळत नाही. साध्या विम्यात प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी, इतकंच काय एअरबॅगचेसुद्धा निम्मेच पैसे मिळतात. आजच्या गाडीत प्लॅस्टिक नाही असं काय असतं?

आणि एक. आपण पंचगंगेकाठची माणसं. २००५, २०१९, २०२१, तीन महापूर पाहिले. पुरात बुडालेल्या गाड्यांचं पुढे काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पुसूनपासून त्या दुसऱ्या गावी जाऊन उभ्या राहतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघ म्हटलं, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ आहे का ती बघ, पायाखालचं गालिच्यासारखं असतं ते उचलून वास घे. यातलं काही केलं नाही. फोटो तेवढे वीस काढून आणले, त्यात बारा फोटोंत स्वतः आहे.

हे सगळं पैशाचं झालं. पैसा त्याचा आहे, मागाच्या धंद्यात लोक माग भंगारात घालत असताना याने टिकवून कमावलेला आहे. तो कसा उडवायचा हे सांगणारी मी कोण? पैशासाठी मी इतकं लिहिलं नसतं.

टप उघडून जाणार कुठे, हे मात्र विचारते. जनता चौकातून मलाबादे चौकाकडे? बीम लादलेला टेम्पो पुढे, कापडाच्या ताक्यांचा हातगाडा डावीकडे, उजवीकडून उलटी आलेली रिक्षा. जून ते सप्टेंबर पाऊस, मार्च ते मे ऊन असं की स्टिअरिंगला हात लावेना. उरला हिवाळा. हिवाळ्यात आपल्याकडे उसाचा हंगाम. पंचगंगा कारखाना, हुपरीचा जवाहर कारखाना, रात्री रस्त्याने ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस बाहेर आलेला आणि मागे दिवा नाही. बैलगाड्या वेगळ्याच. एकशेऐंशी अश्वशक्तीची गाडी, सात-आठ सेकंदांत शंभरचा वेग, आणि पुढच्या वळणावर न दिसणारी उसाची ट्रॉली. चालवणारा आठ दिवसांपूर्वी लायसन्स मिळालेला. हे चित्र माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही.

उघडी मोटार आपल्या भागाला नवी नाही हो. छत्रपती राजाराम महाराजांनी जर्मनीहून आणवलेली मेबॅक कोल्हापुरात आहे. दसऱ्याला ती बाहेर निघते, दसरा चौकात माणसं दुतर्फा उभी असतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी मिरवणूक पाहिलेली आहे. ती चालते माणसाच्या पावलाच्या वेगाने आणि चालवणारा मुरलेला असतो. वेगाचं म्हणाल तर कोल्हापुरात मोहित्यांचा रेसिंगचा ट्रॅक आहे, पोरं हेल्मेट घालून, शिकवणाऱ्याच्या देखत गाडी पळवतात. पळवा की तिथे! माझी काही तक्रार नाही.

भाचेसून म्हणते, "आत्या, मोटारसायकलपेक्षा तर बरं ना? एअरबॅग आहेत, ब्रेक चांगले आहेत." हा एकच मुद्दा असा आहे की त्यावर मी रात्रभर विचार केला. बरोबर आहे ती. दुचाकीवर पोरगं पडलं तर त्याच्या आणि डांबराच्या मध्ये काही नसतं. पण निवड मोटारसायकल की ऑडी अशी आहे का? मधल्या सगळ्या गाड्या कुठे गेल्या? आणि त्या एअरबॅग आतल्यांसाठी असतात गं. बाहेरच्याचं काय?

बाहेरच्याचं काय हे १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात दिसलं. कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती कोट्यवधींची पोर्शे होती, असं पोलिसांचं म्हणणं. दुचाकीवरचे दोघं जागच्या जागी गेले, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघंही मध्य प्रदेशातून पुण्याला संगणकाची नोकरी करायला आलेली, वय चोवीस. गाडीची कायमची नोंदणीसुद्धा झालेली नव्हती, १७५८ रुपये फी भरायची राहिली होती म्हणून! नंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनचे डॉक्टर धरले गेले, आईवडील धरले गेले, ते सगळं तुम्ही वाचलेलं आहे. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल.

मला लागलं ते वेगळंच. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि एक अट घातली, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायचा. मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. तीनशे शब्द म्हणजे शाळेच्या वहीची दोन पानं. आठवीतलं मूल पाऊण तासात लिहितं, 'रस्ता सुरक्षा : काळाची गरज' असं ठळक शीर्षक देऊन, खाली दोन रेघा मारून. गृहपाठाची वही विसरलेल्या पोराला मी तेवढी शिक्षा करत असे. बातमी वाचली त्या दिवशी मला माझ्याच विषयाची लाज वाटली. गदारोळ झाल्यावर मंडळाने आदेश फिरवला, मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं. पण तो निबंध माझ्या डोक्यातून गेला नाही. त्या दोघांच्या आईवडिलांना कुणी काय लिहायला सांगायचं?

भाचा म्हणेल, ते पोर अल्पवयीन होतं, प्यायलं होतं म्हणतात, आपला तसा नाही. नाही, आपला तसा नाही. गुणी आहे. पाया पडतो, मला डीमार्टमधून सामान आणून देतो. पण सोळाव्या वर्षापासून तो बापाची गाडी कबनूरपर्यंत नेत होता हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे कौतुकाने सांगत होते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन पोराच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. ते कलम आपण दोन वर्षं मोडत होतो. आपण म्हणजे मीसुद्धा. एकदा दवाखान्यातून परत येताना त्याच्याच शेजारी बसून आले, रिक्षाचे ऐंशी रुपये वाचले म्हणून.

२०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली दोन तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस वयाची, आणि दहातले सात मृत्यू अतिवेगाने झालेल्या अपघातांतले. हे सरकारचेच आकडे. यांतले किती गुणी असतील?

आता जे सांगणार आहे ते घरात फारसं बोललं जात नाही. १९९० साली माझा धाकटा अठरा वर्षांचा होता. कॉलेजला जायला जुनी येझदी हवी म्हणून हट्ट धरला. यजमान नको म्हणत होते. मी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि घेऊन दिली. का? तर शेजारच्या मुलाकडे होती. माझं पोरगं सायकलवरून जाताना मलाच कमीपणा वाटायचा. चौथ्या महिन्यात, जानेवारीत, हातकणंगले रस्त्यावर रात्री नऊच्या सुमाराला ते उसाच्या बैलगाडीवर मागून आदळलं. जीव वाचला. उजवा गुडघा गेला. आज चोपन्न वर्षांचा आहे, पंगतीला त्याच्यासाठी खुर्ची ठेवावी लागते. मांडी घालता येत नाही. ही खुर्ची का, असं नव्या सुना विचारतात तेव्हा मी स्वयंपाकघरात जाते.

त्याने मला कधी दोष दिला नाही. पण गाडी त्याला हवी होती त्यापेक्षा मला जास्त हवी होती, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत आहे. भाच्या, तुझ्या त्या बारा फोटोंकडे बघून मला हेच आठवलं. नातू एकाही फोटोत हसत नाही, नीट बघ. परवा मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तुला हवी आहे का रे?" म्हणाला, "आजी, मला ती वळवायची पण भीती वाटते. पण पप्पांना सांगू नका." सांगून टाकलं बघ. त्याची माफी मी मागेन.

असो. तक्रार करणाऱ्याने दुसरा मार्गही सांगावा. यजमानांची वॅगनआर दारात उभी आहे. २०१४ची, म्हणजे तुझ्या ऑडीची जवळजवळ जुळी बहीण. अश्वशक्ती सदुसष्ट. चार बाजूंनी चार पोचे आहेत, पाचवा पडला तर कुणाला कळणार नाही. कुठल्याही गल्लीतला मिस्त्री दुरुस्त करतो. एअरबॅग नाहीत, ही तिची उणीव मान्य. म्हणून ती गावातच, दिवसाच, सहा महिने, चाळीसच्या आत, आणि शेजारी तू किंवा मी. त्यानंतर सतरा नको, सहा-सात लाख खर्च कर, अपघात-चाचणीत चांगले तारे मिळवलेली साधी गाडी घे. २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली आहे, निकाल कुणालाही बघता येतात.

पुण्याला टोकन द्यायला रविवारी जाणार आहेस असं कळलं. जाण्याआधी इकडे ये, आणि त्यालाही घेऊन ये. वॅगनआरची बॅटरी उतरली असेल, तारा घेऊन ये म्हणजे ढकलावी लागणार नाही.