घास तोंडात, जीव टांगणीला

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रोजेदाराचे दोन आनंद सांगितले आहेत. एक रोजा सोडतानाचा, दुसरा आपल्या पालनकर्त्याला भेटतानाचा. पहिला आनंद तर रोज संध्याकाळी दस्तरखानावर हजर असतो. तरीही मगरिबची अजान झाल्यावर आजूबाजूला पाहा, कुणाचे तरी लक्ष हातातल्या खजुरात नसते. ईद तोंडावर आली, मुलांचे कपडे व्हायचेत, शिरखुर्म्याचा सुकामेवा आणायचाय, वाण्याची मागची उधारी तशीच आहे. भजी गरम असतात, पण चव लागत नाही. दिवाळीत बोनस लांबलेल्या घरातही चकली अशीच खाल्ली जाते.

अशा माणसाला आपण चटकन ‘नाशुक्रा’ म्हणून मोकळे होतो. अल्लाहने एवढे दिले, तरी तोंड पाडून बसलाय! मला हे पटत नाही. कुरआनातील सूरह कुरैश अवघ्या चार आयतींची. तीत भुकेल्याला अन्न आणि भ्यालेल्याला निर्भयता, या दोन्ही देणग्या शेजारी शेजारी येतात. नुसते ताट भरून भागत नाही. प्रेषितांच्या एका प्रसिद्ध दुआत चिंता आणि दुःखापासून आश्रय मागितला आहे, त्याच दुआत पुढे कर्जाच्या ओझ्यापासूनही. मग काळजीने पोखरलेल्या माणसाचे ईमान कच्चे कसे?

काहींच्या काळजीला पैशाचे कारण नसतेच. उगाच छाती धडधडते, झोप उडते. त्यांनी दुआ करावी आणि डॉक्टरांकडेही जावे.

पैशाच्या काळजीचे मात्र आपल्याला काही करता येते. फित्रा ईदच्या नमाजापूर्वी पोहोचला पाहिजे, हा दंडक सर्वांना ठाऊक आहे. तो शेवटच्या घटकेलाच द्यावा, असे कुठे आहे? आपल्याकडच्या हनफींना आणि कोकणातल्या शाफईंनाही तो रमजानमध्ये आधी देता येतो. जकातीला तर चाँदरातीची वाट पाहण्याचे कारणच नाही. तरी बरेच हात ईदगाहच्या वाटेवरच खिशाकडे जातात. तीच रक्कम दहा दिवस आधी मिळाली, तर एखाद्या घरातली बाई दहा संध्याकाळी इफ्तारीला बसून मनात हिशेब करणार नाही.

कुणाला द्यायचे ठरवले असेल, तर आजच द्या. जमणार नसेल, तर तेही आजच सांगा. विसाव्या रोज्यानंतर बहुतेक शिंपी नवे कापड घेत नाहीत.