जिन्याखाली कपाट नको!



घराचं काम काढलं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. सुतार म्हणतो, इंटिरियरवाले म्हणतात, शेजारीण म्हणते, ‘जिन्याखालची जागा वाया का घालवता? कपाट करून घ्या की!’ धाकट्याच्या नव्या घराचं काम चाललंय, तर परवा सूनबाईही हेच म्हणाली. ‘आई, तिथं बंद कप्पे करू. सगळं आत जाईल, बाहेर काही दिसणार नाही.’ मी नको म्हणाले, ती नाराज झाली. तिला तेव्हा नीट सांगता आलं नाही ते इथं लिहिते.

‘काही दिसणार नाही’ हीच तर माझी तक्रार आहे.

आमच्याही जिन्याखाली कपाट होतं. मीच हट्टानं करून घेतलेलं. तीन फूट रुंद, नऊ फूट लांब, उंच टोकाला सहा फूट. म्हणजे 81 घनफूट, दोन मोठी लोखंडी कपाटं सहज मावतील एवढी जागा. ती भरायला मला दोन वर्षंही लागली नाहीत. जुन्या गाद्या, बंद पडलेला मिक्सर, तेलाचे रिकामे डबे, आहेरात आलेली आणि कधीच न वापरलेली स्टीलची भांडी. उंच बाजूचं दार रोज उघडायचं. निमुळत्या टोकापर्यंत हात पोचायचा नाही, म्हणून तिथं काय आहे ते मलाही ठाऊक नव्हतं.

एका श्रावणात कुबट वास यायला लागला, म्हणून सगळं बाहेर काढलं. मागच्या गादीत उंदरानं घर केलं होतं. गादी ओढली तशी चार पिल्लं फरशीवर पडली, डोळेही न उघडलेली. त्यातली दोन गादीखालीच चिरडली. शिवाय प्लायवूडला वाळवी, कागदांत कसर, कोपऱ्यात झुरळं. दुसऱ्या दिवशी मी औषध फवारणाऱ्याला बोलावलं. लिहिताना लाज वाटते, पण लपवून काय उपयोग? सूर्यास्तानंतर न जेवणारी, पाणी गाळून पिणारी मी. त्या एका दुपारी किती जीव मारले त्याची गणतीच नाही.

उंदराचा त्यात काय दोष? अंधार, ऊब, ओल आणि महिनोन् महिने कुणी न हलवलेली गादी, हे सगळं त्याला मीच दिलं होतं. जीव वाढतील अशी जागा आधी करायची आणि मग ते वाढले म्हणून मारायचे, याला अहिंसा कोण म्हणेल?

आपल्या मुनींना आदाननिक्षेपण समिती असते. कमंडलू उचलायचा असो की शास्त्र ठेवायचं असो, आधी डोळ्यांनी बघायचं, पिंछीनं हळूच झाडायचं, मगच हात लावायचा. आपण मुनी नाही, कबूल. पण जिथं आपली नजरच पोचत नाही अशी जागा घरात मुद्दाम पैसे देऊन बांधायची? पिठाची मर्यादा आपण पाळतो ना? पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. पिठात जीव होतात हे कळतं, मग दहा वर्षं पडलेल्या गादीत होतात हे का कळू नये?

‘अपरिग्रह मुनींचा, आम्ही संसारी माणसं,’ असं कुणी म्हणेल. म्हणून तर श्रावकाला परिग्रहपरिमाण सांगितलंय. आपली मर्यादा आपणच ठरवायची. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताचे पाच अतिचार दिलेत, त्यात अतिसंग्रह आहेच. आणि परिग्रह म्हणजे फक्त सोनंनाणं नव्हे. बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांत कुप्य आणि भांड, म्हणजे कपडेलत्ते आणि भांडीकुंडीही मोजलेली आहेत. दार लावलं म्हणून ती मोजणीतून सुटत नाहीत.

काही जणी माझ्या बाजूनं बोलतात, पण भलत्याच कारणानं. ‘जिन्याखाली सामान ठेवलं की लक्ष्मी अडते हो!’ असला पाठिंबा मला नको. पैसा अडेल या भीतीनं जागा रिकामी ठेवणं हाही लोभच झाला. आणि ‘घर लहान आहे, ठेवायचं कुठं?’ असं विचारणारीला एवढंच सांगते, घरात जिना आहे म्हणजे वर आणखी एक मजला आहे. कमी पडतेय ती जागा नव्हे.

चपला, छत्र्या, केरसुणी, पाण्याची मोटर यांना जागा लागते, हे मलाही कळतं. त्यासाठी उंच बाजूला दोन-तीन उघड्या फळ्या घाला. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून वीतभर वर ठेवा, म्हणजे केरसुणी आतपर्यंत फिरेल. निमुळता कोपरा मोकळाच राहू दे. आधी वस्तू मोजा, मग सुताराला माप द्या. आपण नेमकं उलटं करतो. आधी कपाट करतो आणि मग त्याच्यापुरत्या वस्तू गोळा करत बसतो.

आणि दर वर्षी अक्षय्य तृतीयेला त्या फळ्या रिकाम्या करा. भगवान ऋषभदेवांना श्रेयांस राजानं उसाच्या रसाचा आहार दिला तो हा दिवस. आपल्यासाठी तो दानाचा आहे, सोनं खरेदीचा नाही. तेव्हा ऊन असतं, पाऊस लांब असतो, जीवही कमी असतात. वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते चांगल्या स्थितीत असतानाच गरजूला देऊन टाका. कुजल्यावर दिलेलं दान नसतं.

सोमवारी सुतार माप घ्यायला येणार आहे. सूनबाईचा राग अजून गेलेला नाही. घर तिचं आहे, शेवटी ती ठरवेल. पण त्याआधी हे तिनं वाचावं आणि ती दोन पिल्लं तिच्याही डोळ्यांपुढं यावीत, एवढंच मला वाटतं.