रोजाचे सरबत

हैदराबादेत रमझानच्या दिवसांत सूर्यास्ताच्या सुमारास घरोघरी सरबताची भांडी भरली जातात. रोजा सुटतो तो खजूर आणि पाण्याने. मागून फळांचा रस येतो. हल्ली मात्र बाटलीतील रंगीत पाक पाण्यात ओतला की सरबत झाले, असे अनेकजण मानतात. मला हे योग्य वाटत नाही.

दिवसभर ज्याने पाण्याचा थेंबही घेतला नाही, त्याला नुसती साखर कशी पुरावी? कलिंगडाच्या बिया काढून गर कुस्करावा, लिंबू पिळावे, चिमूटभर मीठ व भिजून फुगलेला सब्जा घालावा. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि त्याची गोडी त्याला पुरेशी असते.

आमच्या शेजारच्या खाला असेच सरबत करतात. परंतु रोजा असल्यामुळे त्या ते चाखत नाहीत. तो मान माझा! मी सांगेन तेवढेच लिंबू त्या पिळतात. तहानलेल्यांसाठी चव पाहणे ही लहान जबाबदारी नव्हे.

२०२३ साली २४ मार्चला पहिला रोजा होता आणि त्याच दिवशी चैत्रगौर बसली. आमचे कैरीचे पन्हे खालांकडे गेले, त्यांचे सरबत आमच्याकडे आले. इस्लामी वर्षात अधिक मास नसल्याने रमझान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो. तेव्हा असा योग नेहमी यायचा नाही. ऋतू बदलेल, कलिंगडाच्या जागी संत्री येतील. बदलू नये तो एवढाच शेजारधर्म. आणि तो बाटलीत मिळत नाही, असे माझे नम्र मत आहे.